वर काळी, खाली चोपण

वर्ध्याहून पश्चिमेकडे जाणाऱ्या आगगाडीत तुम्ही खिडकीशेजारी बसला आहात अशी कल्पना करा. पुलगाव मागे पडले की वर्धा नदीचा पूल येतो आणि वर्धा जिल्हा संपतो. मग धामणगाव, चांदूर, बडनेरा, मूर्तिजापूर अशी स्टेशने घेत, सुमारे पावणेदोनशे किलोमीटर अंतर तोडून गाडी अकोल्याला पोचते. या साऱ्या प्रवासात खिडकीबाहेर काय दिसते? काळी जमीन, पऱ्हाटी, तूर, हरभरा. आणि पुन्हा काळी जमीन. हिंगणघाटच्या कापसाने एकेकाळी ज्या जमिनीच्या जोरावर नाव कमावले, तीच ही जमीन, असे कोणालाही वाटेल.

परंतु डोळ्यांना सारखी दिसणारी ही जमीन खरोखर सारखी नाही. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही काठांवर सुमारे नऊशे गावांचा एक पट्टा आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, संग्रामपूर ही नावे तुम्ही ऐकली असतील. त्या पट्ट्याला लोक ‘खारपाण पट्टा’ म्हणतात. त्याचे क्षेत्र साडेचार लाख हेक्टरांहून अधिक आहे. तिथे विहिरीला पाणी लागते, पण ते पिण्याजोगे नसते आणि पिकाला दिले तर जमीन बिघडते. पाऊस पडला की पाणी दिवसचे दिवस शेतात साचून राहते, आणि तरीही हातभर खालची माती कोरडीच असते. वरची माती भुसभुशीत, काळी, सुपीक. मात्र खाली कुलूप लावल्यासारखा घट्ट थर!

हे कुलूप कशाचे? ते कोणी लावले? आणि अशा ‘वर एक, खाली दुसरी’ जमिनीला शास्त्रज्ञ कोणत्या गटात बसवतात? या लेखात आपण हेच पाहू. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत, काचेच्या पेल्यात करून पाहता येईल असा एक प्रयोगही शेवटी दिला आहे.

मातीतील पत्त्यांचा डाव

काळ्या मातीत निम्म्याहून अधिक भाग चिकणमातीचा असतो. चिकणमातीचा कण इतका सूक्ष्म असतो, की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही तो नीट दिसत नाही. त्याचा आकार गोटीसारखा नसून पत्त्यासारखा चपटा असतो. विदर्भाच्या काळ्या मातीत ‘स्मेक्टाइट’ या खनिजाचे असे पत्ते भरपूर असतात. पाणी मिळाले की ते पत्त्यांच्या मधल्या फटींत शिरते आणि माती फुगते. पाणी आटले की माती आक्रसते. उन्हाळ्यात वावराला पडणाऱ्या, हात जाईल एवढ्या भेगा म्हणजे या आक्रसण्याचाच परिणाम होय.

या पत्त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. म्हणून ते धनभारित कणांना, म्हणजे धन आयनांना, स्वतःकडे ओढून धरतात. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि सोडियम हे त्यांतले मुख्य पाहुणे. हे पाहुणे कायमचे नसतात. मातीतल्या पाण्यात दुसरे आयन आले, तर जुने जागा सोडतात आणि नवे तिथे बसतात. या अदलाबदलीला ‘आयन विनिमय’ असे म्हणतात.

आता गंमत पाहा. कॅल्शियमच्या आयनावर दोन धनभार असतात, तर सोडियमच्या आयनावर एकच. कॅल्शियम पत्त्यांना घट्ट धरतो. त्यामुळे पत्त्यांचे गठ्ठे बनतात, गठ्ठ्यांची ढेकळे बनतात आणि ढेकळांच्या मधून पाणी व हवा खेळती राहते. सोडियमची पकड दुबळी. शिवाय तो आपल्याभोवती पाण्याच्या रेणूंचा जाड वेढा घेऊन फिरतो. पत्त्यांवर सोडियम वाढला की ते एकमेकांपासून दूर सरकतात, गठ्ठे सुटतात आणि सुटे पत्ते पाण्यात विखुरतात. हे सुटे कण मग मातीच्या बारीक छिद्रांत जाऊन अडकतात. छिद्रे बुजली की पाण्याची वाट बंद!

आयनांच्या या पकडीची करामत तुम्ही घरी पाहिलेली आहे. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो. तुरटीत ॲल्युमिनियम असतो आणि त्याच्या आयनावर तीन धनभार असतात. पाण्यात तरंगणारे मातीचे सुटे कण तो झटपट एकत्र आणतो. तुरटी जे काम पाण्यात करते, तेच काम कॅल्शियम जमिनीत सतत करत असतो. सोडियम नेमके याच्या उलट वागतो.

ओली असताना चिकट, वाळल्यावर दगडासारखी कठीण आणि पाणी न मुरू देणारी अशी जी जमीन, तिला आपल्या शेतकऱ्यांनी फार पूर्वीच नाव देऊन ठेवले आहे. ते नाव म्हणजे ‘चोपण’. खारवट जमीन निराळी. खारवट जमिनीत विरघळणारे क्षार फार असतात आणि वाळल्यावर पृष्ठभागावर पांढरे मीठ फुलते. चोपण जमिनीत मीठ दिसेलच असे नाही. तिथे सोडियम मातीच्या कणांनाच चिकटून बसलेला असतो. काही जमिनी खारवट आणि चोपण अशा दोन्ही असतात.

खालचा थरच का बिघडतो?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. वरचा थर चांगला आणि खालचा चोपण, असे का व्हावे?

विदर्भाचा बराचसा भाग काळ्या पाषाणाने, म्हणजे बेसॉल्टने, झाकलेला आहे. या खडकातल्या ‘फेल्डस्पार’ नावाच्या खनिजात कॅल्शियम आणि सोडियम दोन्ही असतात. खडक झिजतो तेव्हा दोघेही मोकळे होऊन मातीच्या पाण्यात येतात. हवेतील आणि मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, त्यामुळे पाण्यात बायकार्बोनेटही तयार होतात.

भरपूर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात हे सारे पाण्याबरोबर खोल निघून जाते. पण पाऊस बेताचा असेल तर पाणी थोडे खाली उतरते आणि तिथेच थांबते. मुळे ते शोषून घेतात, काही वाफ होऊन जाते, आणि पाण्यातला कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने खाली साचतो. विहीर खणताना काळ्या मातीत पांढरे खडे निघतात, ते तुम्ही पाहिले असतील. तीच ही चुनखडी.

यात नुकसान कोणाचे झाले? कॅल्शियम चुनखडीत अडकून पडला. सोडियमचे क्षार मात्र सहज विरघळणारे असल्याने तो पाण्यातच राहिला. पत्त्यांवर बसायला जो उरला तो सोडियम! म्हणजे खालच्या थरात बाहेरून सोडियम ओतावा लागतो असे नाही. कॅल्शियम मंचावरून निघून गेला की सोडियमचे राज्य आपोआप सुरू होते. वरच्या थराला मात्र दर पावसाळ्यात नवे, गोडे पाणी मिळते. ते सोडियमला खाली ढकलते. पालापाचोळा, मुळे आणि शेणखत यांचा आधारही वरच्याच थराला मिळतो. म्हणून वरची माती ठीक राहते आणि खालची बिघडत जाते.

नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरो ही संस्था आहे. तिची स्थापना १९७६ मध्ये झाली. तेथील डॉ. डी. के. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विदर्भाच्या काळ्या जमिनींचा अनेक वर्षे अभ्यास करून चुनखडी आणि सोडियम यांचे हे नाते दाखवून दिले. हवामान जितके कोरडे, तितकी चुनखडी अधिक आणि तितका खालचा थर अधिक चोपण, असे त्यांच्या निरीक्षणांतून दिसले.

आता आपल्या आगगाडीचा मार्ग पुन्हा आठवा. वर्ध्याकडे वर्षाला सरासरी एक हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अकोल्याकडे तो सुमारे आठशे मिलिमीटरवर येतो. खिडकीतून दिसणारा काळा रंग बदलत नाही, पण मातीच्या पोटातला जमाखर्च बदलतो. त्यातच पूर्णेचे खोरे म्हणजे उत्तरेला गाविलगडच्या आणि दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगांमध्ये खचलेला, गाळाने भरलेला सखल प्रदेश. तिथे पाण्याचा निचरा मुळातच मंद. कमी पाऊस आणि मंद निचरा, ही दुहेरी अडचण त्या खोऱ्याच्या वाट्याला आली.

उंचवटा वाईट, खोलगट भाग बरा!

तुम्हाला विचारले, की एका शेतात थोडा उंचवटा आहे आणि थोडा खोलगट भाग आहे. चोपण माती कुठे सापडेल? बहुतेक जण उत्तर देतील, “खोलगट भागात, कारण सगळे क्षार वाहून तिथे साचतील.”

अमरावती जिल्ह्यात पेढी नदीच्या खोऱ्यात ब्यूरोच्या शास्त्रज्ञांना नेमके उलटे आढळले. २००२ मध्ये त्यांनी ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. तिथे जमिनीच्या उंचीत अर्ध्या मीटरपासून पाच मीटरपर्यंतचाच फरक होता. एवढ्याशा उंचवट्यावर माती चोपण होती आणि शेजारच्या खोलगट भागात ती बरीच चांगली होती!

कारण समजले की कोडे सुटते. उंचवट्यावरचे पावसाचे पाणी वाहून जाते. तिथे मुरणारे पाणी थोडे, म्हणून क्षार फार खाली जात नाहीत आणि चुनखडी लवकर साचते. खोलगट भागात शेजारचेही पाणी येऊन थांबते आणि जास्त खोलवर मुरते. त्या पाण्याबरोबर सोडियम खाली जातो. म्हणजे एकाच गावच्या शिवारात, हाकेच्या अंतरावर, दोन निराळ्या जमिनी नांदू शकतात. जमिनीचा नकाशा काढणाऱ्याला केवढी सावधगिरी बाळगावी लागत असेल, याची कल्पना यावरून येईल.

जमिनीचे नामकरण

वनस्पतींना जशी शास्त्रीय नावे असतात, तशी जमिनींनाही असतात. पण वनस्पतीचे फूल हातात घेऊन पाहता येते. जमीन ओळखायची तर खड्डा खणून तिची उभी कापलेली भिंत पाहावी लागते. त्या भिंतीवर एकाखाली एक असे थर दिसतात. प्रत्येक थराचा रंग, पोत, ढेकळांचा आकार, चुनखडी आणि रासायनिक गुण नोंदवून मग जमिनीचा गट ठरतो.

चोपणपणा मोजण्याची पद्धत सोपी आहे. मातीचे कण एकूण जितके धन आयन धरू शकतात, त्यांपैकी शेकडा किती जागा सोडियमने व्यापल्या आहेत ते काढायचे. याला ‘विनिमयक्षम सोडियमची टक्केवारी’ म्हणतात. आपण थोडक्यात तिला ‘सोडियम टक्का’ म्हणू.

एक हिशेब करून पाहू. समजा, एका काळ्या मातीत आयन धरण्याच्या ५० जागा आहेत. शून्य ते ३० सेंटिमीटर खोलीच्या थरात सोडियमने १ जागा व्यापली आहे, ३० ते ६० सेंटिमीटरच्या थरात ३ आणि ६० ते १०० सेंटिमीटरच्या थरात ८. मग सोडियम टक्का अनुक्रमे २, ६ आणि १६ येईल.

ही जमीन चोपण म्हणायची का? याचे उत्तर तुम्ही कोणाला विचारता यावर अवलंबून आहे!

अमेरिकेतील क्षारता प्रयोगशाळेने १९५४ मध्ये एक प्रसिद्ध पुस्तिका काढली. तिने मर्यादा ठरवली १५ टक्के. जगभर अजूनही तीच अधिक वापरली जाते. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांना आपल्या देशात ६ टक्क्यांपासूनच माती बिघडताना दिसली, म्हणून त्यांनी मर्यादा ६ ठेवली. विदर्भाच्या काळ्या जमिनींत तर ५ टक्क्यांच्या पुढेच पाणी मुरण्याचा वेग फार घटतो, असे आपल्या शास्त्रज्ञांना आढळले. आपल्या उदाहरणातला मधला थर अमेरिकन मापाने चांगला, ऑस्ट्रेलियन मापाने चोपण आणि नागपूरच्या मापानेही चोपण ठरतो. माती एकच, निकाल निरनिराळे!

आणखी एक सापळा पाहा. थरांची जाडी लक्षात घेऊन पूर्ण एक मीटरची सरासरी काढली, तर ती ८.८ टक्के येते. पंधराची मर्यादा मानणारा म्हणेल, जमीन ठीक आहे. पण पिकाची मुळे सरासरीत वाढत नाहीत. ती वरून खाली जातात आणि सोळा टक्क्यांच्या थराशी येऊन अडतात. म्हणून दोन थरांत फरक असलेली जमीन ओळखताना प्रत्येक थर स्वतंत्रपणे तपासलाच पाहिजे.

प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा

थराथरांत विरोध असलेल्या चोपण जमिनी ऑस्ट्रेलियात फार पसरलेल्या आहेत. तिथे वर रेताड किंवा हलकी माती असते आणि काही सेंटिमीटरच्या अंतरात खाली एकदम चिकणमाती सुरू होते. नॉर्थकोट या शास्त्रज्ञाने १९६० मध्ये अशा जमिनींना ‘डुप्लेक्स’, म्हणजे दुहेरी, असे नाव दिले. पुढे १९९६ मध्ये इझबेल यांनी ऑस्ट्रेलियाच्या जमिनींचे नवे वर्गीकरण मांडले. त्यात अशा दुहेरी जमिनींपैकी ज्यांच्या खालच्या चिकण थराच्या वरच्या भागात सोडियम टक्का ६ किंवा अधिक आहे आणि जो थर फार आम्लधर्मी नाही, त्यांना ‘सोडोसोल’ हे नाव मिळाले. थर फार आम्लधर्मी असेल तर ‘कुरोसोल’. आम्लधर्मीही नसेल आणि सोडियमही नसेल तर ‘क्रोमोसोल’. वरून तिन्ही सारख्याच दिसू शकतात!

रशियात अशा जमिनींना पूर्वीपासून ‘सोलोनेट्स’ म्हणतात. तिथे खालचा चोपण थर वाळल्यावर फुटतो तेव्हा त्याचे गोल माथ्याचे उभे खांब तयार होतात. रशियन मृदाशास्त्रज्ञ गेद्रोइत्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच या जमिनींमागे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम आहे हे ओळखले होते.

मग आपली काळी जमीन ‘सोडोसोल’ म्हणायची का? नाही. तिच्यात वर हलकी आणि खाली चिकण असा पोताचा फरक नाही. ती वरपासून खालपर्यंत चिकणच आहे. तिच्यातला विरोध रंगाचा नाही, पोताचा नाही. तो रसायनाचा आणि पाण्याच्या वाटेचा आहे. म्हणून तो डोळ्यांना दिसत नाही.

वर्गीकरणाच्या किल्लीत प्रश्न ठरावीक क्रमाने विचारतात. ‘जमीन वरपासून खालपर्यंत चिकण आहे का? तिला भेगा पडतात का?’ हा प्रश्न सोडियमच्या प्रश्नाच्या आधी येतो. आपल्या जमिनीचे उत्तर ‘होय’ असे आल्याबरोबर ती भेगाळ काळ्या जमिनींच्या गटात जाऊन बसते. या गटाला अमेरिकन पद्धतीत ‘व्हर्टिसोल’ आणि ऑस्ट्रेलियन पद्धतीत ‘व्हर्टोसोल’ म्हणतात. सोडियमची नोंद होते, पण पुढच्या पायऱ्यांवर.

भारतात अमेरिकन पद्धत वापरतात. खारपाण पट्ट्यातल्या अनेक जमिनींचे नाव आहे ‘सोडिक हॅप्लस्टर्ट’. नाव अवघड वाटते ना? शेवटाकडून सुटे करून वाचा. ‘अर्ट’ म्हणजे व्हर्टिसोल. लॅटिनमध्ये उलटणे या अर्थाच्या शब्दावरून हे नाव आले, कारण भेगांत वरची माती पडून जमीन जणू स्वतःलाच उलटीपालटी करते. ‘उस्ट’ म्हणजे वर्षाचा काही काळ कोरडे राहणारे हवामान. ‘हॅप्ल’ म्हणजे साधी. आणि ‘सोडिक’ म्हणजे एक मीटरच्या आत कुठेतरी १५ किंवा अधिक सोडियम टक्का असलेली. सोडियम कमी असलेल्या नेहमीच्या जमिनीला ‘टिपिक हॅप्लस्टर्ट’ म्हणतात. आडनाव एक, स्वभाव दोन!

मोजमाप कशाचे करावे?

गोष्ट इथेच संपत नाही. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये ‘झिओलाइट’ नावाची सुंदर खनिजे सापडतात. काही काळ्या जमिनींत त्यांचे कण असतात आणि ते हळूहळू कॅल्शियम सोडत राहतात. अशा जमिनीत सोडियम असूनही पाण्याची वाट मोकळी राहते. नैसर्गिक जिप्सम असलेल्या जमिनीतही तसेच घडते. म्हणजे कागदावर ‘चोपण’ ठरलेली जमीन प्रत्यक्षात चांगले पीक देते, आणि १५ टक्क्यांच्या आत असल्याने ‘चांगली’ ठरलेली जमीन पाणी मुरू देत नाही!

म्हणून डॉ. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक वेगळी सूचना मांडली. सोडियम किती आहे यापेक्षा तो काय करतो ते मोजावे. पाण्याने पूर्ण भिजलेल्या मातीतून पाणी ताशी दहा मिलिमीटरहून कमी वेगाने उतरत असेल, तर ती जमीन चोपण मानावी. रोग्याच्या तापाचा आकडा पाहावाच, पण रोगी चालतो-फिरतो कसा हेही पाहावे, तसे हे आहे. वर्गीकरण म्हणजे पाठ करायची यादी नव्हे. निसर्गाशी पडताळून ते पुन्हा पुन्हा दुरुस्त करावे लागते.

हा केवळ नावांचा वाद आहे असे मात्र समजू नका. शेतकरी माती तपासायला देतो तेव्हा हंगामी पिकांसाठी साधारणपणे वरच्या १५ ते २० सेंटिमीटरचा नमुना घेतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेच्या योजनेत बारा गोष्टी तपासण्याचे ठरले. त्यांत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्ये आहेत. विनिमयक्षम सोडियम त्यांत नाही. खताचा हिशेब करायला हा नमुना उपयोगी आहे. पण आपल्या उदाहरणातल्या शेताचा असा नमुना घेतला तर त्याच्यात २ टक्क्यांचाच थर येईल आणि पोटातला १६ टक्क्यांचा थर लपून राहील. त्या शेतकऱ्याने कर्ज काढून विहीर खणली, संत्र्याची बाग लावली आणि चार वर्षांनी झाडे वाळू लागली, तर दोष कोणाला द्यायचा? आर्वी, आष्टी, कारंजा भागात संत्र्याच्या बागा आहेत. कापूस आणि तूरही खोल मुळांची पिके आहेत. अशा पिकांसाठी खालचा थर पाहिल्याखेरीज निर्णय घेणे धोक्याचे आहे.

पेल्यातला प्रयोग

आता तुमचे काम. ऑस्ट्रेलियातील इमर्सन या शास्त्रज्ञाने १९६७ मध्ये मातीच्या ढेकळाची एक साधी कसोटी सांगितली. तिचे सोपे रूप तुम्ही शाळेत करू शकाल.

गावात शेततळे किंवा विहीर खणणे चालू असेल, तर शिक्षकांबरोबर जा. खड्ड्यात उतरू नका आणि काठाजवळही उभे राहू नका. खणणाऱ्या माणसांकडूनच तीन ढेकळे मागून घ्या. पहिले वीतभर खोलीचे, दुसरे सुमारे दोन फुटांवरचे, तिसरे तीन फुटांवरचे. प्रत्येकावर खोलीची चिठ्ठी लावा आणि ढेकळे सावलीत वाळू द्या.

तीन स्वच्छ पेल्यांत पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी घ्या. प्रत्येकात वाटाण्याएवढा मातीचा खडा हळूच सोडा. पेले हलवू नका, ढवळू नका. दोन तासांनी पाहा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा.

खडा तसाच राहिला किंवा फुटून त्याचा बारीक चुरा तळाशी बसला, पण पाणी नितळ राहिले, तर काळजीचे कारण नाही. फुटणे वेगळे आणि विखुरणे वेगळे. खड्याभोवती दुधासारखे ढगाळ वलय पसरू लागले आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच राहिले, तर मातीचे पत्ते सुटे झाले आहेत. त्या थरात सोडियमचा जोर असण्याचा संभव आहे. वरच्या खड्याचे पाणी नितळ आणि खालच्याचे गढूळ, असे दिसले तर या लेखाचा विषयच तुमच्या पेल्यात उतरला असे समजा!

गढूळ पेल्यात आता चिमूटभर जिप्सम टाकून हलवा आणि थांबा. पाणी निवळू लागले का? निवळले तर त्याचे कारण तुम्हीच सांगा. शिक्षकांच्या देखरेखीखाली खालच्या मातीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंबही टाकून पाहा. बुडबुडे आले, तर तिथे चुनखडी आहे.

हाच प्रयोग खारट विहिरीच्या पाण्यात केलात तर फसाल. त्या पाण्यात क्षार पुष्कळ असल्यामुळे मातीचे कण विखुरत नाहीत आणि पाणी नितळ राहते. खऱ्या शेतातही असेच होते. खारे पाणी दिले तेव्हा जमीन बरी वाटते. त्यावर पावसाचे गोडे पाणी पडले की क्षार धुऊन जातात, सोडियम कणांना चिकटलेला राहतो आणि जमीन एकदम घट्ट होते. विहिरीच्या पाण्याची परीक्षा पहिल्या पावसानंतर होते, ती अशी.

पेल्यातली ही कसोटी म्हणजे निदानाची पहिली पायरी आहे. अंतिम निकाल प्रयोगशाळेतल्या मोजमापानेच लागतो. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ आणि जिल्ह्याची माती तपासणी प्रयोगशाळा यांसाठीच आहेत. नमुने देताना मात्र थरवार द्या, एकत्र कालवू नका.

कुलूप उघडते का?

उघडते, पण धीर धरावा लागतो. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ते मातीत मिसळले की त्यातला कॅल्शियम पत्त्यांवर जाऊन बसतो आणि सोडियम मोकळा होऊन सोडियम सल्फेट बनतो. तो पाण्याबरोबर बाहेर काढून दिला नाही, तर पुन्हा त्याच जागी परत येईल. म्हणून जिप्समबरोबर निचऱ्याचे चर हवेतच. ताग, धैंचा यांसारखी हिरवळीची पिके आणि शेणखत यांचाही उपयोग होतो. मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड चुनखडीला थोडे थोडे विरघळवतो आणि तिच्यात अडकलेला कॅल्शियम पुन्हा कामाला लागतो. म्हणजे जिने कॅल्शियम पळवला, तीच चुनखडी त्याची ठेव परतही करते! खारपाण पट्ट्यात भूजलाऐवजी शेततळ्यांत साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर शेतकरी भर देतात, त्यामागेही हेच शास्त्र आहे.

वर्धा जिल्ह्याला पूर्णेच्या खोऱ्यापेक्षा पाऊस अधिक आहे, हे आपले भाग्य. परंतु सिंचन वाढत आहे, नवनव्या विहिरी होत आहेत, आणि निचरा नसलेल्या काळ्या जमिनीला दिलेले जास्तीचे पाणी पश्चिमेकडचा तोच इतिहास इकडेही घडवू शकते. बिघडलेली जमीन दुरुस्त करायला अनेक वर्षे लागतात. ती बिघडते आहे हे ओळखायला मात्र तीन ढेकळे, तीन पेले आणि एक दिवस पुरतो. तुमच्या वर्गातील मुलांनी आपापल्या गावच्या ढेकळांची नोंद ठेवली, कोणत्या शिवारात, किती खोलीवर पाणी गढूळ झाले हे गावाच्या नकाशावर टिपले, तर चार-पाच वर्षांत शाळेकडे एक मोलाचा दस्तऐवज तयार होईल. येत्या उन्हाळ्यात, विहिरी आणि शेततळी खणण्याच्या दिवसांत, त्याला सुरुवात करा.